एका 'गेट'साठी चार शनिवार: टिळकवाडीतल्या स्पोकन इंग्लिश क्लासचा माझा अनुभव

आधी मी हा क्लास का लावला ते सांगतो, मग पुढचं कळेल. मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपला क्वालिटीत हाय. कस्टमर पुण्याचा, आणि त्यांचा वरचा साहेब अमेरिकेत. मागच्या दिवाळीच्या तोंडावर एका लॉटमध्ये बोअर (म्हणजे पार्टातलं भोक) ओव्हरसाईज निघाला, तिकडनं मेल आला, मालक म्हणाले, "बघून कळवतो म्हणून लिहून टाक लगेच." मी लिहिलं, 'वुई विल गेट बॅक ॲट यू.' आणि सेंड. पंधरा मिनिटात पुण्याहून फोन. पलीकडचा माणूस हसून हसून बेजार. म्हणाला, "अहो, बोअर तुम्ही चुकवला आणि सूड पण तुम्हीच घेणार होय?"

तेव्हा कळलं की 'गेट बॅक टू यू' म्हणजे नंतर कळवतो, आणि 'गेट बॅक ॲट यू' म्हणजे तुला बघून घेतो. एवढ्याशा 'टू'च्या जागी 'ॲट' पडला आणि मी कस्टमरला धमकी देऊन बसलो. शॉपमधली पोरं त्यानंतर पंधरा दिवस मला 'ॲट साहेब' म्हणून हाक मारायची, अजून एखादा मारतोय.

तर त्या भानगडीनंतर शोधाशोध केली. क्लासचं नाव मी मुद्दाम घालत नाही, कारण खाली तक्रारी पण लिहिणार हाय आणि सरांचे आणि माझे संबंध चांगले हाईत, ते तसेच राहू देत. दुसऱ्या रेल्वे गेटपासून चालत पाच मिनिटं, खाली झेरॉक्सचं दुकान, वर क्लास. जिना इतका अरुंद की वरनं कोण उतरूलालं तर खालच्यानं थांबायचं. बोर्डावर बाकीच्यांसारखंच 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' लिहिलेलं, पण त्याच्या खाली हातानं लिहून चिकटवलेला एक कागद होता: 'शनिवार बॅच. एकच क्रियापद: गेट. चार शनिवार, फी १२००.' मला वाटलं थट्टा हाय. एका शब्दाला बाराशे? पण मला ज्या शब्दानं मारलं तोच कागदावर होता, म्हणून पैसे भरले.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचची वेळ, सर आले पाच वीसला. हे पुढं प्रत्येक शनिवारी झालं, तक्रार नंबर एक इथंच नोंदवून ठेवतो. आल्या आल्या फळ्यावर देवनागरीत लिहिलं 'गेट' आणि विचारलं, वाचा. सगळ्यांनी वाचलं. "कुठलं वाचलासा? मिळवायचं का रेल्वेचं?" झालं, सगळी गप्प. आपल्या लिपीत दोन्ही सारखंच लिहितो ना आपण. मग त्यांनी अर्धा तास नुसता आवाज घोटून घेतला. रेल्वेचं गेट लांब, जबडा हलतो, शेवटी किंचित 'इ' लागतो. मिळवायचं गेट आखूड, म्हटलं की संपलं, ढेकूण चिरडल्यासारखं. (ही उपमा सरांची, माझी नव्हे.) आपण बेळगावकर दोन्ही मध्येच कुठंतरी उच्चारतो, त्यामुळं फोनवर 'आय विल गेट इट' म्हटलं की समोरच्याला गेट उघडल्याचा भास होतो म्हणे.

मग एकानं विचारलं, सर गेटच का, आमच्या शॉपमध्ये तर दिवसभर 'सेट' चालतं, टूल सेट, ऑफसेट सेट, सेटर, सेटिंग. (तो माझ्याच लाईनीतला निघाला, व्हीएमसी मशीनवर हाय.) सर म्हणाले, बरोबर हाय, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट'चीच होती, पण 'सेट' नसला तरी तुमचा दिवस निघतो, 'गेट'शिवाय इंग्रज सकाळी अंथरुणातनं उठू शकत नाही. गेट अप.

दुसरा शनिवार हा माझ्या मते या क्लासचा सगळ्यात भारी भाग, आणि काही लोकांच्या मते सगळ्यात फालतू. त्या दिवशी नंतर दोघांनी पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. कारण सरांनी एक वाक्य सुद्धा बोलायला लावलं नाही, नुसती गोष्ट सांगितली.

गोष्ट अशी की 'गेट' हा मुळात इंग्रजांचा शब्दच नव्हे. व्हायकिंगांचा. ही नॉर्वे-डेन्मार्ककडची माणसं, ७९३ साली त्यांनी लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला, पुढं लुटायचं सोडून राहायलाच आली, ८६६ साली यॉर्क घेतलं, आणि १०१६ साली तर क्नूट नावाचा त्यांचा राजा इंग्लंडच्या गादीवर बसला. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'गेटा' म्हणजे मिळवणं, हाताला लागणं. अंदाज बांधणं पण. आइसलँडमध्ये आजही 'गेटा' म्हणजे जमणं, एखादी गोष्ट करता येणं. जुन्या इंग्रजीत याचा सख्खा भाऊ होता, पण तो एकटा कधी फिरायचा नाही, नेहमी कुणाच्या तरी पाठीला लागून. 'बिगेट' म्हणजे जन्म देणं, 'फॉरगेट' म्हणजे विसरणं. कॅम्पातनं येणारी एक पोरगी लगेच म्हणाली, सर बायबलात हाय की, अब्राहम बिगॅट आयझॅक. सर एकदम खूष, म्हणाले १६११ चं भाषांतर, तिथंच हा शब्द टिकून राहिलाय.

आणि गंमत बघा, इंग्रजांच्या तोंडात तो 'ग' नव्हताच, 'य' होता. व्हायकिंग आले नसते तर आज आपण 'फॉरगेट'च्या जागी 'फॉरयेट' म्हटलं असतं. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या काळापर्यंत तसं लिहीत पण होते. तो टणक 'ग' शेजाऱ्याकडनं आला आणि घरच्या 'य'ला बाहेर काढून बसला. 'फॉरगेट'चा मूळ अर्थ हातातली पकड सुटणं. सर म्हणाले, "इंग्रजाची पकड सुटती, आपल्याला विसर पडतो. म्हणजे वस्तू शेवटी खालीच." हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की निम्म्या लोकांना कळलंच नाही, मला घरी जाताना आरपीडी क्रॉसवर कळलं आणि मी गाडीवर एकटाच हसलो.

याच ओघात गल्ल्यांचा विषय निघाला. यॉर्कात आजही रस्त्यांची नावं स्टोनगेट, कॉपरगेट अशी हाईत, आणि त्यातलं 'गेट' दरवाजावालं नाहीच मुळी, नॉर्स 'गाटा' म्हणजे रस्ता, गल्ली. कॉपरगेट म्हणजे लाकडी पेले कातणाऱ्यांची गल्ली, आपल्याकडं बुरुड गल्ली असते तशी. तिथं १९७६ पासून चार-पाच वर्षं खोदकाम झालं आणि अख्खी व्हायकिंग वस्ती खालनं निघाली. आणि शहराच्या वेशीला तिथं म्हणतात 'बार'. म्हणजे गेट म्हणजे गल्ली आणि बार म्हणजे वेस. मागनं कोण तरी बोललं, "काकती वेशीत बी बार हाय की सर." सर पण हसले.

मला मनापासून आवडला तो अंड्याचा किस्सा. इंग्लंडात पहिला छापखाना घालणारा विल्यम कॅक्स्टन, त्यानं १४९० साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलाय. काही व्यापारी थेम्स नदीतनं जहाजानं निघालेले, वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले, आणि त्यातल्या एकानं एका बाईकडं खायला मागितलं, त्यात खास करून 'एग्ज' मागितले. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो भडकला, कारण त्याला पण फ्रेंच येत नव्हतं, तो इंग्रजीच बोलत होता. शेवटी दुसरा म्हणाला, बाई याला 'आयरेन' पाहिजेत, तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. 'एग' हा व्हायकिंगांकडनं आलेला उत्तरेचा शब्द, 'आयरेन' दक्षिणेचा जुना. एकच भाषा, एकच अंडं, आणि बाईला वाटतंय पाहुणा फ्रेंच बोलूलालाय.

हे ऐकून आमच्या बॅचमध्ये जो दंगा झाला तो बेळगावातच होऊ शकतो. बेंगळूरचा एक इंजिनियर पोरगा होता, तो अंड्याला मोट्टे म्हणतो. बैलहोंगलचा एक होता, तो म्हणतो तत्ती. आम्ही अंडं. आणि आमच्याच शॉपमध्ये यूपीचा एक वेल्डर हाय, त्याला पहिल्याच आठवड्यात गाडीवाल्यानं प्रेमानं विचारलं होतं, "तत्ती एष्टु?", म्हणजे किती देऊ. त्यानं ते 'टट्टी' ऐकलं, हिंदीत त्याचा अर्थ काय ते तुम्हाला माहीत हाय. गडी तसाच उपाशी परत आला. मी हा किस्सा सांगितला आणि सरांनी तो लगेच वहीत लिहून घेतला, पुढच्या बॅचला सांगणार बहुतेक, फीमध्ये सूट काय दिली नाही.

सरांचं म्हणणं असं की लढाया राजे करतात, पण शब्द बाजारात आणि लग्नात बदलतात. व्हायकिंग आणि इंग्रज शेजारी शेजारी शेती करत होते, एकमेकांच्या पोरी करत होते, आणि म्हणूनच इंग्रजीनं त्यांच्याकडनं मोठे मोठे शब्द घेतले नाहीत, घरातले घेतले. एग, स्काय, नाइफ, हजबंड, विंडो (म्हणजे वाऱ्याचा डोळा), टेक, गेट. इतकंच काय 'दे, देम, देअर' सुद्धा. सर्वनामं उसनी घ्यायची म्हणजे केवढा घरोबा लागतो बघा. याउलट १०६६ नंतर फ्रेंच बोलणारे नॉर्मन आले ते साहेब म्हणून आले, त्यांच्याकडनं आले 'रिसीव्ह', 'ऑब्टेन' असले कडक इस्त्रीचे शब्द. आपल्या अण्णा, अक्काकडं बघा, तुपाकडं बघा, कन्नडमध्ये 'तुप्प'च म्हणतात. ते कुठल्या ऑर्डरीनं आले नाहीत. सीमेचं राजकारण तिथं काढायचं नाही असा सरांचा नियम हाय, १९५६ चं नाव काढलं की म्हणतात, "ते खाली चहाच्या टपरीवर, इथं क्रियापद."

इथं मला माझी शाळा आठवली. आमचे इंग्रजीचे मास्तर निबंधात 'गॉट' दिसला की लाल पेनानं खोडायचे आणि वर 'रिसीव्हड' लिहायचे. 'गॉट' म्हणजे गावंढळ असं डोक्यात बसलेलं. आता सर म्हणतात चूक नव्हे, पोशाख वेगळा. मराठीत आपण घरी 'तुझं पत्र मिळालं' म्हणतो आणि अर्जात 'पत्र प्राप्त झाले' लिहितो, तसंच ते. तुम्ही मित्राला फोनवर 'मला तुझा मेसेज प्राप्त झाला' म्हणालात तर तो विचारेल तब्येत बरी हाय न्हवं. मी सात वर्षं कस्टमरच्या साध्या माणसांना प्राप्त झाले छाप मेल घालत होतो. आता 'गॉट युवर मेल, थँक्स' लिहितो, आणि तिकडनं उत्तरं पण लवकर येतात असं मला वाटतं, कदाचित भास असेल.

तिसऱ्या शनिवारी मात्र जे झालं त्यासाठी मी हा एवढा लांब रिव्ह्यू लिहूलालोय.

आत्ता मी काय लिहिलं बघा. 'लिहूलालोय.' पुण्याची माणसं या आपल्या 'लालोय'ला हसतात, आमची पुण्यातली मावसबहीण तर नक्कल करून दाखवते. सरांनी वर्गात आल्या आल्या मला विचारलं, "काय करूलालास?" मी म्हटलं, "ऐकूलालोय सर." त्यांनी फळ्यावर लिहिलं: ऐकू लागलोय. म्हणाले, हे तुमचं 'लालोय' म्हणजे काय अशुद्ध बिशुद्ध नाही, यात 'लागणे' हे क्रियापद घासून घासून बसलंय. मग बैलहोंगलच्या पोराला कन्नडमध्ये विचारलं, "नीनु एनु माडाकत्ती?" तो म्हणाला, "केळाकत्तीनि सर." त्यात 'हत्तु' हाय. हत्तु म्हणजे लागणं. बेंकी हत्तितु म्हणजे आग लागली. म्हणजे आम्ही दोघं वेगळ्या भाषेत बोललो, पण वाक्याच्या आतलं मशीन एकच. तो पोरगा आणि मी एकमेकांकडं बघत बसलो. तीन आठवडे एकाच बाकावर होतो, नीट बोललो त्या दिवसापासनं.

आणि मग सर म्हणाले, आता 'गेट'चं पाठांतर बंद करा. तुमच्याकडं गेट हाय. लहानपणापासनं हाय. त्याचं नाव 'लागणे'.

त्यांनी एकेकाला उठवून वाक्यं काढायला लावली आणि फळा भरला. नोकरी लागली, गॉट अ जॉब. भूक लागली, गॉट हंग्री. मार लागला, गॉट हर्ट. नंबर लागला, गॉट सिलेक्टेड. आग लागली, कॉट फायर, म्हणजे इथं गेट चालत नाही, सर प्रामाणिकपणे म्हणाले हे माझ्या बाजूनं नाही, पण हाय. लग्न लागलं, गॉट मॅरीड! इथं एका बाईंनी अक्षरशः टाळी वाजवली. अर्थ लागला, गॉट इट. जावं लागतंय, हॅव गॉट टू गो. हे शेवटचं बघून मी गारच झालो, कारण 'आय हॅव गॉट टू गो' या वाक्यात तो 'गॉट' काय करूलालाय हे मला शाळेपासनं कधी कळलं नव्हतं, जायचंय आणि मिळालं पण, हे काय? पण मराठीत तरी 'जावं लागतं' यात काय कुठं लागतंय? आपण कधी विचारलं? नाही. तोंडात बसलंय म्हणून चालतं. तसंच ते त्यांचं.

मग लागणेचं मूळ. संस्कृतात 'लग्' म्हणजे चिकटणं, त्यावरनं 'लग्न' म्हणजे चिकटलेलं, जोडलेलं, प्राकृतात 'लग्ग', आपलं 'लाग'. म्हणजे 'लग्न लागलं' यात एकच धातू दोनदा बसलाय, डबल फेविकॉल. आणि 'गेट'च्या पोटात हाय हात. पकडणं. लॅटिनमधल्या 'प्रेहेन्डेरे'शी त्याचं लांबचं नातं, त्यावरनं 'कॉम्प्रिहेन्ड' म्हणजे समजणं, आणि 'प्रिझन' म्हणजे जेल. दोन्हीकडं पकडायचंच. सर म्हणाले, फरक एवढाच बघा, इंग्रज हात पुढं करून वस्तू धरतो, आणि आपल्याला वस्तू येऊन चिकटतात. 'आय गॉट हंग्री' यात करणारा 'आय' हाय. 'मला भूक लागली' यात भूक आली, मी नुसता बसलेलो. कन्नडमध्ये पण तसंच, 'ननगे', म्हणजे 'मला'. त्यामुळं आपण इंग्रजी बोलताना जिथं अडकतो ते शब्दाला नव्हे, 'मला'ला. डोक्यात 'मला' येतं, तोंडातनं 'मी' निघतं, म्हणजे 'टू मी' म्हणायचं की 'आय' म्हणायचं या गोंधळात तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात फोनवरचा माणूस 'हॅलो? हॅलो?' करतो. माझं अगदी हेच होत होतं. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, ना शाळेत ना यूट्यूबवर, आणि मी यूट्यूबवर दोनशे तरी व्हिडिओ बघितले असतील.

सरांकडं मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची जुनी प्रत हाय, १८५७ च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. त्यात लागणेंचे अर्थ त्यांनी वाचून दाखवायला घेतले, आणि त्यांना थांबवावं लागलं. (बघा, परत लागलं.) तेवढ्यात कोणतरी विचारलं 'बस लागली' याचं काय करायचं, कारण बेळगावात सीबीटी स्टँडला बस लागली म्हणजे फलाटावर आली, आणि आंबोली घाटात बस लागली म्हणजे ओकारी. सर म्हणाले, इंग्रजी मास्तरला हेच विचारतात बाहेरचे, की 'गॉट इट' म्हणजे मिळालं की कळलं. संदर्भानं ठरतं, कोशानं नाही.

चौथा शनिवार निराशा. स्पष्ट लिहितो. त्या दिवशी साठेक फ्रेजल व्हर्ब एका दमात उरकले. गेट अलाँग, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे विथ, गेट अराउंड टू, गाडीनं स्टेशन सोडल्यासारखं. माझा 'गेट बॅक' आला तेव्हा मी हात वर करून माझी गोष्ट सांगितली, सगळी हसली, पण सरांनी तेवढं नीट समजावलं: 'टू' म्हणजे दिशा, तुमच्याकडं परत येतो. 'ॲट' म्हणजे नेम, दगड मारताना जो नेम धरतो तो. थ्रो टू म्हणजे झेल, थ्रो ॲट म्हणजे डोकं सांभाळ. हे मी आता जन्मात विसरणार नाही. 'गेट डाऊन' वर पण दोन मिनिटं चांगली गेली, आपण बसमधनं 'गेट डाऊन' करतो, तिकडं 'गेट ऑफ' म्हणतात, पण सर म्हणाले आपल्या कंडक्टरला गेट ऑफ म्हणालात तर तो भांडेल, इथं डाऊनच बरं. आणि अमेरिकन साहेबाच्या मेलमध्ये 'हॅज गॉटन' असतं, ते मी स्पेलिंग मिस्टेक समजत होतो. तिकडं तेच बरोबर. इंग्लंडात पण जुन्या काळी चालायचं, आता तिथं गेलंय, 'फॉरगॉटन'मध्ये तेवढं उरलंय. बाकीचे पन्नास मात्र नुसते झेरॉक्स हातात देऊन वाटेला लावले.

आता त्या झेरॉक्सबद्दल. खाली झेरॉक्सचं दुकान असताना नोट्सची अशी अवस्था का असावी हे मला कळलेलं नाही. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची परत झेरॉक्स, पान सात वर अर्धा मजकूर काळा. बॅच पंधराची म्हणून सांगितली आणि आम्ही सत्तावीस बसलो, मागच्या बाकावर पंखा नाही, खिडकी उघडली की मालगाडीचा आवाज. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोलायची प्रॅक्टिस. नाव स्पोकन आणि स्पोक सगळं सरांनीच केलं. चार शनिवारात माझ्या वाट्याला मोजून सहा वाक्यं आली. शिवाय समजावणं बहुतेक मराठीत, कन्नड मीडियमच्या चार-पाच पोरांना अधनंमधनं त्रास झाला. सरांना कन्नड झकास येतं, त्यामुळं त्यांनी तसं करायला नको होतं. सर्टिफिकेट पाहिजे असेल तर पन्नास रुपये वेगळे, मी घेतलं नाही, मला कोण विचारूलालंय.

तेव्हा कुणी जावं? ज्याला पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू हाय त्यानं अजिबात जाऊ नये, त्याला हे व्हायकिंग बियकिंग डोक्याला ताप होतील आणि हातात काही लागणार नाही. ज्याला थोडं इंग्रजी येतं, वाचता येतं, पण बोलताना तोंड लॉक होतं, माझ्यासारखी चाळिशीतली माणसं, त्यांनी जावं. शिक्षकांनी तर जावंच. माझी बायको शाहूनगरात ट्यूशन घेते, तिला मी तिसऱ्या शनिवारची वही दाखवली, तिनं दुसऱ्या दिवशी पाचवीच्या पोरांना 'लागणे'ची वाक्यं काढायला लावली, एका पोरानं लिहिलं 'आजोबांना आजीचं वेड लागलं'. त्याचं इंग्रजी अजून कुणाला जमलेलं नाही, सरांना पाठवलंय, ब्लू टिक आली, उत्तर नाही.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. तिसऱ्या शनिवारला एकट्याला पाच, चौथ्याला दोन, नोट्सला शून्य, आणि बाकी सरासरी तुम्ही काढा. पुढची बॅच 'टेक'ची हाय, फी दीड हजार केलीय. मी नाव घातलंय. बैलहोंगलच्या पोरानं पण घातलंय, आता तो मला केळाकत्ती म्हणतो आणि मी त्याला ऐकूलालोय म्हणतो.

आणि हो, त्या उशिराबद्दल एक सांगायचं राहिलं. शेवटच्या दिवशी मी सरांना विचारलंच, दर शनिवारी वीस मिनिटं का. ते म्हणाले मी पलीकडं राहतो, साडेचारला निघतो, पण बरोबर त्या टायमाला गाडी येते आणि फाटक पडतं. मी म्हटलं, मग ग्रुपवर एक मेसेज टाकत जावा की. त्यांनी लगेच मोबाईल काढून दाखवला, चारी शनिवारी टाकलेला होता, मीच ग्रुप म्यूट करून ठेवलेला. चारी वेळा तोच मेसेज, इंग्रजीच्या सरांचा, मराठीत, दोन शब्दांचा: 'गेट लागलंय.'